एकच गूळ, दोन पिंपं

"भावजी, सवड काढून येवन जावा. दुसऱ्या पिंपाचो वास असो येता, शेजारीण भांडाक इली."

वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. देवगड बंदरापासून थोडं आत आमची वाडी. मी बाहेरगावी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे गावात जे जे आंबतं, नासतं किंवा बुरसतं ते माझ्या खात्यात जमा होतं. या वेळी प्रकरण मासळीच्या अर्काचं होतं. वैनी मिरची, वांगी नि आळसांद्यांना घालायला घरीच 'फिश अमिनो' करतात. मासळीची टाकाऊ मुंडकी-आतडी आणि गूळ पिंपात भरायचा, तीन आठवडे ठेवायचं, गाळायचं आणि पाण्यात पातळ करून फवारायचं. कोरियातल्या नैसर्गिक शेतीतून ही कृती इकडे आली. मूळ कृतीत मासळी आणि गूळ वजनाला समसमान. तामिळनाडूत 'मीन अमिलम' म्हणतात तेही तसंच.

वीस किलो मुंडक्यांना वीस किलो गूळ ही चैन वैनींना परवडणारी नव्हती. फुकट मिळणाऱ्या घाणीवर गुळाचा एवढा खर्च कोण करणार? त्यांनी प्रमाण आणलं दहास एक. वीस किलोला दोन किलो गूळ आणि वर लिटरभर ताक. ताकाची शक्कल त्यांची स्वतःची, आणि उत्तम. पौषात लावलेलं पहिलं पिंप झकास उतरलं. वास आंबटगोड, थोडा लोणच्यासारखा. मी दिलेल्या, आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्टीवर (आकडा जितका 7 च्या खाली, तितकं आंबट) रंग 4 आणि साडेचारच्या मध्ये. मग त्यांनी दुसरं लावलं. गूळ त्याच ढेपेतला, ताक तेवढंच, पिंप त्याच मांडवाखाली. तेराव्या दिवशी फोन.

झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाने असं करू नये, पण सरलो. नुसता माशाचा वास नव्हता. खवट लोणी, सडलेली अंडी आणि त्यामागे शौचकुपाची एक गोडसर झाक, असं सगळं एकदम आलं. रस काळपट आणि पट्टीवर जवळजवळ 7.

वैनींचं म्हणणं सरळ होतं. "गूळ तितकोच घातलेलो. मगे ह्या कसा कुसला?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. झाकण नीट बसलं नसेल, पिंप धुतलेलं नसेल, असं काहीबाही बोललो. त्यांनी ते तोंडावरच फेटाळलं. मग त्यांनी वही आणली. बचत गटाचा हिशेब ठेवायची सवय असल्याने पिंपाचीही रोजची नोंद होती. पहिला दिवस ते सहावा: फेस, वास बरा, "ताकासारखो". चौथ्या दिवशी पट्टी: पिवळटहिरवी, म्हणजे साधारण 6. नववा दिवस: फेस बसला. दहावा: वास बदलला. बारावा: शेजारीण.

मी त्या चौथ्या दिवसाच्या नोंदीवर अडकलो. पीएच 6 म्हणजे आम्ल जवळजवळ नाहीच. तरीही पुढचे दोन-तीन दिवस पिंप कुजलं नव्हतं. मासळी जानेवारीतसुद्धा इकडे उघड्यावर एका रात्रीत वास मारू लागते. मग ती सहा दिवस कोणी धरून ठेवली होती?

पिंपात काय वेगळं होतं ते पुन्हा विचारलं. पहिल्यात सगळे पेडवे, म्हणजे तारल्यांची डोकी नि आतडी. दुसऱ्यात बांगड्याची मुंडकी बारा किलो, "आणि सुंगटांची सालां होती ती टाकलय." कोळंबीची सालं, आठ किलो.

तिथे अर्धं उत्तर मिळालं. कोळंबीच्या वाळलेल्या सालात पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे तोच पदार्थ ज्याचा शिंपल्यांपासून आपण चुना भाजायचो. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट साधारण 180 ग्रॅम लॅक्टिक आम्ल गिळतं. आठ किलो ओल्या सालात बहुतेक पाणी असलं तरी अर्धा किलोच्या आसपास कार्बोनेट धरायला हरकत नाही. दोन किलो गुळात साखर दीड किलोच्या थोडी इकडे-तिकडे. तिच्यातून जे आम्ल बनलं त्यातलं नऊशे ग्रॅम सालांनीच संपवलं. उरलं ते मुंडक्यांतल्या हाडांनी आणि खुद्द प्रथिनांनी पचवलं. फेस जोरात होता त्याचंही कारण हेच. कार्बोनेटवर आम्ल पडलं की कर्बवायू सुटतो. वैनींना तो फेस म्हणजे पिंप छान आंबतंय असं वाटलं. मलाही वाटलं असतं.

पण यातून पिंप शेवटी का कुजलं एवढंच कळतं. पहिले सहा दिवस का कुजलं नाही, ते नाही कळत.

वर्गात जे दरवर्षी शिकवतो ते

मासळीत स्वतःची साखर जवळपास नसते. असतं ते प्रथिन, मांसात शंभरात अठरा-वीस भाग. आतड्यांतली पाचकद्रव्यं ते प्रथिन तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात. इथवर दोन्ही पिंपांत तेच घडलं, आणि तेच हवंही आहे. प्रश्न पुढचा असतो: मोकळ्या झालेल्या अमिनो आम्लांचं जिवाणू काय करतात?

दोन वाटा. एक, ती बांधकामाला वापरायची, स्वतःचं प्रथिन बनवायला. दुसरी, ती जाळायची. जाळताना नत्राचा भाग अमोनिया होऊन बाहेर पडतो आणि उरलेल्या सांगाड्यातून ऊर्जा काढली जाते. गंधक असलेल्या सिस्टीनमधून हायड्रोजन सल्फाइड निघतो, हा सडलेल्या अंड्यांचा वास. ट्रिप्टोफॅनमधून इंडोल आणि स्कॅटोल निघतात, शौचकुपाचा वास तो. लायसिनचा कर्बवायू काढून टाकला की कॅडाव्हरिन उरतं, ऑर्निथिनचं पुट्रेसिन होतं. नावांतच मढं आणि सडकेपण आहे.

समोर साखर असेल तर बहुतेक जिवाणू ही दुसरी वाट बंद ठेवतात. घरात तांदूळ असताना कोण बियाण्याचं भात कांडतो? उलट साखर जाळून वाढताना त्यांना नत्र लागतं, म्हणून अवतीभवतीचा अमोनियाही ते शोषून घेतात. आर्थर केंडल या अमेरिकी जिवाणुतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं: जिथे साखर आहे तिथे आंबणं आधी, कुजणं नंतर. साखर प्रथिनाला वाचवते. कसं वाचवते याचा उलगडा पुढे होत गेला. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू ग्लुकोज आत घेत असतो तेव्हा त्याच्या पेशीतला चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू कमी होतो. ट्रिप्टोफॅन फोडणारं विकर बनवायची आज्ञा या निरोप्याशिवाय निघत नाही. म्हणून तर इंडोल चाचणीसाठी आपण पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेल्या प्रथिनाचं पाणी वापरतो आणि त्यात साखर घालत नाही. घातली तर इंडोल बनवू शकणारा जिवाणूही हात वर करतो.

आणि टीएसआय अगार, म्हणजे नळीत गोठवलेलं, साखरा नि पेप्टोन घातलेलं जिवाणूंचं खाद्य; आम्ल झालं की ते लालाचं पिवळं होतं. दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून ती नळी करून घेतो. तीत ग्लुकोज मुद्दाम थोडंच असतं, 0.1 टक्का. जिवाणू आधी ते खातो, आम्ल होतं, नळी सगळी पिवळी. ग्लुकोज संपलं की वरच्या उतारावर, जिथे हवा लागते तिथे, तो पेप्टोनकडे वळतो आणि पिवळा उतार पुन्हा लाल होतो. मुलांना बजावून सांगतो की अठरा ते चोवीस तासांत वाचा, उशीर केलात तर फसाल. ग्लुकोजबरोबर लॅक्टोज किंवा सुक्रोजही खाणाऱ्या जिवाणूची नळी पिवळी राहायला हवी, पण ती फार दिवस ठेवली तर तीही उलटते.

वैनींचं दुसरं पिंप म्हणजे पन्नास लिटरची टीएसआय नळी होती. चौथ्या दिवशी वाचली असती तर "ठीक". बाराव्या दिवशी उलटलेली. हे माझ्या डोक्यात घरी परतताना एसटीत आलं, पिंपासमोर नव्हे. याची लाज थोडी वाटलीच.

तीन बरण्या

पण पिंपं दोन आणि त्यांत फरक अनेक. बांगडा वेगळा, पेडवा वेगळा, आतडी एकात जास्त. एवढ्यावरून साखरेलाच श्रेय देणं घाईचं झालं असतं. गुळामुळे दोन गोष्टी एकदम होतात: साखर मिळते आणि तिचं आम्ल बनतं. यातलं कुजणं कोण थोपवतं? केंब्रिजमध्ये एप्स आणि गेल यांनी 1942 मध्ये ई. कोलायवर नेमकं हेच वेगळं करून पाहिलं होतं. ग्लुकोज असताना वाढलेल्या जिवाणूंत अमिनो आम्लांतून अमोनिया काढणारी विकरं कमी पडतात, ती फक्त आम्लामुळे की ग्लुकोजमुळेही? ग्लुकोजचा स्वतःचा हातभार त्यांना दिसला. आपल्याला ते स्वयंपाकघरात जमेल तेवढं करायचं होतं.

बाजारातून पेडवे आणून वाटले. तीन बरण्यांत दोन-दोनशे ग्रॅम, थोडं पाणी, चमचाभर ताक. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत वीस ग्रॅम गूळ. तिसरीत वीस ग्रॅम गूळ आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या कवचांची दोन चमचे पूड. म्हणजे तिसरीत साखर असेल, पण आम्ल टिकणार नाही. फळ्याचा खडू वापरायचा मोह टाळला. हल्लीचा बराच खडू जिप्समचा असतो, तो आम्लाला काही करत नाही. बरण्यांची झाकणं सैल, नाहीतर वायूने उडाली असती.

अमोनिया पाहायला हळदीचा कागद. वैनींना हे फार आवडलं. वाटीत चमचाभर रस घ्यायचा, त्यात खायच्या पानातला चुना चिमूटभर ढवळायचा आणि हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद वर धरायचा. अमोनिया सुटला की पिवळ्याचा तांबूस होतो. चुना लागतोच. पीएच 7 च्या आसपास अमोनिया जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात रसातच बसलेला असतो, शंभरातला एक भागसुद्धा मोकळा नसतो. त्यामुळे नुसत्या नाकाने तो सापडत नाही. पहिल्या खेपेला चुन्याचा शिंतोडा कागदावर उडाला आणि आम्ही दोघं उगीच खूश झालो. मग कागद वाटीला न टेकवता, चिमट्याने उंच धरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीवर कागद तांबूस. बाकी दोन्हींवर पिवळा. चौथ्या दिवशी पहिली बरणी माडाच्या मुळात पुरली, घरात ठेवणं शक्य नव्हतं. दुसरीची पट्टी 4.5. तिसरीची 6 च्या आसपास, म्हणजे पिंपातल्यासारखीच, आणि वास चांगला! कागदावर मात्र किंचित, असल्यानसल्यासारखी झाक. कॉलेजातून बेनेडिक्टचं द्रावण आणलं होतं. तिसरीच्या रसाने ते तापवल्यावर विटकरी झालं, म्हणजे साखर अजून होती. (गुळातली साखर मुळात सुक्रोज, ती बेनेडिक्टला दाद देत नाही. पण जिवाणू नि यीस्ट तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, मग ती दिसते.) सातव्या दिवशी तेच द्रावण निळंच राहिलं. त्याच दिवशी कागद लाल. आठव्या दिवशी बरणीने वैनींच्या दुसऱ्या पिंपाशी नातं सांगितलं. दुसरी बरणी तीन आठवडे तशीच, आंबटगोड.

म्हणजे पहारेकरी दोन आहेत. साखर आहे तोवर साखर राखते, आम्लाशिवायही. साखर संपायच्या आत आम्ल पुरेसं झालं तर पुढे आम्ल राखतं. दुसऱ्या पिंपात पहिला पहारेकरी गेला तेव्हा दुसरा आलेलाच नव्हता.

त्या असल्यानसल्यासारख्या झाकेचं मात्र मला जास्त कुतूहल होतं. साखर भरपूर असताना तो थोडा अमोनिया कुठून? इथे पिंप आणि टीएसआय नळी वेगळी पडतात. नळीत जिवाणू एक जातीचा. पिंपात गावजेवण. 'साखर आधी' हा शिरस्ता ई. कोलाय पाळतो, पण स्यूडोमोनास पाळत नाही. त्याची आवड उलटी आहे: सेंद्रिय आम्लं आणि अमिनो आम्लं आधी, ग्लुकोज नंतर. आणि बर्फावरच्या मासळीवर हाच तर वाढलेला असतो. त्याला साखर थोपवत नाही, हवेचा अभाव आणि आम्ल थोपवतात. म्हणून झाकण महत्त्वाचं, आणि वैनी रोज उघडून ढवळत होत्या ते बरं नव्हतं. तळाशी, जिथे हवा नाही, तिथे क्लॉस्ट्रिडियम. त्याच्या काही जातींना साखर नसली तरी चालतं. ते एका अमिनो आम्लाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर टाकून दोघांवर गुजराण करतात, ही स्टिकलंडने 1934 मध्ये दाखवलेली जोडक्रिया. शिवाय सालांनी गिळलेलं लॅक्टिक आम्ल नाहीसं झालं नव्हतं, कॅल्शियम लॅक्टेट होऊन पडून होतं. ते खाऊन काही जण ब्युटिरिक आम्ल करतात. खवट लोण्याचा वास त्यातला.

मिश्र जमावात साखरेचा परिणाम असा दुहेरी होतो. प्रत्येक पेशीच्या आत ती एक कळ दाबते, आणि पेशींबाहेर ती दुधाम्लवाल्यांना, म्हणजे ताकातल्या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना, पुढे काढते, जे आपल्या आम्लाने बाकीच्यांना हाकलतात. समसमान गूळ घातला तर तिसरंच काहीतरी होतं. तिथे पाकच होतो, मोरंब्यासारखा, आणि पाणी असूनही जिवाणूंच्या वाट्याला फार थोडं येतं. मूळ कृती महाग आहे पण चुकायला जागा देत नाही. दहास एकमध्ये स्वस्ताई आहे, लक्ष मात्र ठेवावं लागतं.

कोंबड्यांचं काय

गाळून उरलेला चोथा वैनी कोंबड्यांना घालणार होत्या. दुसऱ्या पिंपाचा नको म्हणालो, आणि ते वासामुळे नव्हे.

बांगडा, तारली या मासळीत हिस्टिडिन भरपूर. मॉर्गनेलासारखे जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, जे जास्त झालं तर पोटात गेल्यावर बाधतं. अमिनो आम्लांचा कर्बवायू काढणारी ही विकरं जिवाणू आम्ल होऊ लागलं की जास्त बनवतात, स्वतःभोवतीचा आंबटपणा उतरवायला, आणि ती चालतातही पीएच 5 च्या आसपास जोमाने. अमोनिया काढणारी विकरं याच्या उलट, अल्कधर्मी बाजूला. म्हणजे थोडासाच गूळ घालून पिंप पाच-सहाच्या मध्ये अडकवून ठेवलं तर अमोनिया कमी आणि हिस्टामिन जास्त, असं व्हायची शक्यता असते. हिस्टामिनला वास नाही आणि शिजवल्याने ते जात नाही. पहिले सहा दिवस "वास बरा" लिहिलेल्या पिंपात ते किती झालं, हे मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं. नाक इथे साक्षीदार म्हणून कामाचं नाही. मिरचीच्या मुळाला फरक पडणार नाही, कोंबडीला पडेल.

वैनींनी विचारलं, आता आणखी गूळ घालून पिंप सुधारेल का. वास थोडा दबला असता, पण फुटलेली अमिनो आम्लं परत जुळून येत नाहीत. मग ते पिंप खड्ड्यात ओतलं, वर पातेरा, आंब्याचा पाला आणि भाताचा पेंढा टाकला. वाळल्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, तिथले जिवाणू अमोनिया धरून ठेवतात. गुळाने जे बरणीत केलं तेच, फक्त सावकाश. शेजारणीचा राग दोन दिवसांत उतरला.

तिसरं पिंप आता लागलंय. सालं वेगळी, ती थेट खड्ड्यात जातात. मुंडकी बारीक तोडून, गूळ दोन हप्त्यांत, ताक दुप्पट, ढवळणं बंद. तिसऱ्या दिवशी पट्टी साडेचारच्या खाली गेली नाही तर दुसरा हप्ता लगेच, गेली तर राखून. या खेपेला गेली.

परवा पट्ट्या द्यायला गेलो तर वैनींनी नवं काढलं. बांगड्याला आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, लावला की वास जातो, मग पिंपात गुळाऐवजी आगळच का नको? घरचाच आहे. मी म्हटलं, बांगड्याचा वास जातो कारण त्यातली ट्रायमिथिलअमाईनसारखी अल्कधर्मी द्रव्यं आम्लाला बांधली जातात आणि उडत नाहीत. पण आगळातून फक्त आम्ल मिळेल, साखर नगण्य. दुधाम्लवाल्यांना खायला काही नाही. पहिल्या पहारेकऱ्याशिवाय दुसरा एकटा किती दिवस पुरतो, हे तरी त्यातून कळेल. चौथी बरणी लावू या.

"लावया," त्या म्हणाल्या, "पण आगळात मीठ आसता भावजी. मगे मिठान राखलान की आंबटान, ता कसा कळतला?"

मी गप्प बसलो. बिनमिठाचा रस हवा तर ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, हवेत, आणि ते मे महिन्याशिवाय नाहीत. बरणी धुऊन फळीवर उपडी घातली आहे.